पावणेदोन किलोचं कुलूप रोज वाहायचं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकहून पुण्याला आलात, ₹३२,००० ची हायब्रिड सायकल घेतलीत आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून १.७ किलोचं यू-लॉकही (इंग्रजी U आकाराच्या पोलादी कडीचं कुलूप) घेतलंत. आठवड्याचे पाच दिवस कोथरूड ते बाणेर ऑफिस, रविवारी सिंहगड, आणि डिसेंबरात एकट्याने पाच दिवसांची पुणे ते गणपतीपुळे सफर, असा तुमचा बेत आहे. आता कुलूप हातात घेतल्यावर ते जड वाटतंय. ते बाळगावं, की घरी ठेवून खिशात मावेल अशी केबल न्यावी, असं तुम्ही विचारलंय.

कोथरूडला सायकल दुरुस्तीचं माझं छोटं दुकान आहे, १६ वर्षं झाली. या कामात कुलपांशी संबंध येतो तो विकण्यापेक्षा कापण्यामुळे जास्त. किल्ली हरवलेली माणसं सायकल उचलून, कधी टेम्पोत घालून आणतात. सायकल त्यांचीच आहे याची खात्री मी आधी करून घेते: बिल, जुने फोटो किंवा फ्रेमचा नंबर बघितल्याशिवाय कुलपाला हात लावत नाही. मग कापते. त्यामुळे कुठलं कुलूप किती वेळ टिकतं हे मी जाहिरात वाचून सांगत नाही, हाताने अनुभवलेलं सांगते.

प्लास्टिकच्या आवरणातली बोटाएवढी जाड केबल दिसायला भक्कम असते, पण आत बारीक तारांचा पीळ असतो. केबल कटरने दोन-तीनदा दाबलं की ती तुटते. स्वस्तातली नंबरची चेन बोल्ट कटरच्या एका दाबात जाते. तुमच्यासारखं १३-१४ मिलिमीटर जाडीचं, पाणी दिलेल्या पोलादाचं यू-लॉक मात्र हॅक्सॉला, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीला, दाद देत नाही. पातं नुसतं घसरत राहतं. तिथे ग्राइंडरच लागतो. मिनिट-दीड मिनिट ठिणग्या उडतात, आणि आवाज एवढा की शेजारचे दुकानदार बाहेर येऊन बघतात. त्यातही कडी दोन्ही टोकांना अडकणारी असेल तर दोन्हीकडे कापावं लागतं, कारण एकीकडे कापून ती फिरवून काढता येत नाही. तुमचं कुलूप तसं आहे का, ते उघडून बघा: दोन्ही पायांना खाचा असतील तर आहे.

तेव्हा जड कुलूप म्हणजे न तुटणारं कुलूप नव्हे. ते चोराला जड हत्यार आणायला लावतं, वेळ घालवायला लावतं आणि आवाज करायला लावतं. या तीन गोष्टी जिथे त्याला परवडणार नाहीत, तिथे तुमचे पैसे वसूल झाले. जिथे त्याला तास न् तास एकांत मिळतो, तिथे कुलूप एकटं पुरत नाही.

आता वजनाचं बोलू. सपाट रस्त्यावर १.७ किलो तुम्हाला कळणारही नाही. चढावर कळतं, पण किती? सिंहगडाचा चढ पायथ्यापासून वरच्या पार्किंगपर्यंत साधारण ६०० मीटर उंचीचा धरा. १.७ किलो तेवढ्या उंचीवर न्यायला सुमारे १० किलोज्यूल ऊर्जा लागते. बेताचा सराव असलेला माणूस चढावर १५० वॉटच्या आसपास ताकद लावतो, म्हणजे या कुलपाची किंमत मिनिटभर, फार तर सव्वा मिनिट. कोकणच्या तुमच्या सफरीत पाच दिवसांत मिळून ५,००० मीटर चढ आला असं धरलं, तरी सगळा हिशेब नऊ-दहा मिनिटांचा. एवढ्यासाठी ₹३२,००० ची सायकल उघड्यावर टाकू नये.

म्हणून वजनाचा मुद्दा मी बाजूला ठेवते. कुठल्या फेरीला काय न्यायचं ते ठरवताना मी दोनच गोष्टी बघते. सायकल माझ्या नजरेआड किती वेळ राहणार? आणि ती त्याच जागी, त्याच वेळी रोज दिसणार का? दुसऱ्या गोष्टीकडे लोक लक्ष देत नाहीत, आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेक सायकली त्यामुळेच गेल्या. अनोळखी गावात चहाच्या टपरीबाहेर दहा मिनिटं उभी असलेली सायकल क्वचित जाते. जाते ती सोसायटीच्या पार्किंगमधली, क्लासबाहेरची, ऑफिसच्या मागची. एखाद्याला आठवडाभर बघता येतं की ही सायकल साडेनऊला येते, साडेसहाला जाते, कुलूप पुढच्याच चाकाला असतं आणि दुपारी दोन ते चार रखवालदार तिकडे फिरकत नाही. मग तो हत्यार घेऊनच येतो.

आता तुमच्या ऑफिसचं. तिथे सायकल नऊ तास, रोज, एकाच जागी उभी राहणार. तुमच्या तिन्ही ठिकाणांत जड कुलपाची सर्वांत जास्त गरज इथेच आहे. पण ते रोज वाहून न्यायची काहीच गरज नाही. ते ऑफिसच्या स्टँडलाच अडकवून ठेवा. संध्याकाळी सायकल सोडवली की कुलूप रिकाम्या दांड्याला लावायचं आणि निघायचं. माझं स्वतःचं जड कुलूप गेली नऊ वर्षं एका ठरलेल्या जागी असंच लटकतंय. सिक्युरिटीच्या दादांना मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर बेवारस समजून एक दिवस तेच कापून टाकतील. चिकटपट्टीवर नाव आणि विभाग लिहून ती कुलपाला गुंडाळा. पाऊस लागत असेल तर किल्लीचं भोक जमिनीकडे येईल असं लटकवा.

रस्त्यात औषधाच्या दुकानात किंवा भाजीला थांबायला सायकलवर एक हलकं काहीतरी हवंच. त्यासाठी मी मागच्या चाकाचं, घोड्याच्या नालेसारखं कुलूप बसवते. आजोबांच्या काळ्या सायकलला असायचं तेच. किल्ली फिरवली की दांडा आऱ्यांमधून पलीकडे जातो आणि चाक फिरत नाही. सायकल उचलून नेता येते हे खरं, पण बसून पळवता येत नाही, आणि पाच मिनिटांच्या थांब्यात भीती असते ती पळवण्याचीच. ते सायकलवरच कायम असल्यामुळे विसरायचा प्रश्न नाही. तुमच्या फ्रेमला बसेल की नाही हे टायरची जाडी आणि ब्रेक कुठे आहेत यावर अवलंबून आहे. डिस्क ब्रेक असतील तर बहुधा जागा मिळते.

कुलूप कसं लावता यावर त्याचं अर्धं बळ अवलंबून आहे, म्हणून इथे जरा थांबते. पुढचं चाक आणि खांब असं कधीच लावू नका. तुमच्या सायकलला क्विक रिलीज, म्हणजे अवजाराशिवाय चाक सोडवणारा खटका, असेल तर तो उघडून चाक तिथेच सोडून बाकीची सायकल नेता येते. अमेरिकेतले सायकल मेकॅनिक शेल्डन ब्राउन यांनी सांगितलेली रीत मला पटते आणि मी तीच शिकवते. फ्रेमचा मागचा त्रिकोण असतो ना, त्याच्या आतून मागच्या चाकाची रिम आणि टायर यू-लॉकमध्ये घ्यायचे आणि कुलूप खांबाला लावायचं. फ्रेमची नळी वेगळी पकडायची गरज नाही, कारण त्या त्रिकोणातून चाक ओढून बाहेर काढता येत नाही. चाक गुंतलं की फ्रेम आपोआप गुंतते, आणि छोटं कुलूपही पुरतं. कुलपाच्या आत रिकामी जागा जितकी कमी, तितकं त्यात कांब घालून फाकवणं अवघड. पुढचं चाक राहतं, त्यासाठी खटक्याच्या जागी ॲलन कीने (षटकोनी पान्ह्याने) उघडणारा स्क्युअर, म्हणजे चाकाच्या आसातून जाणारा दांडा, टाकून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि सायकल ज्याला बांधता, ते हलवून बघा. २०१२ मध्ये मी माझी सायकल एका इमारतीबाहेरच्या रेलिंगला चांगल्या यू-लॉकने लावली होती. दोन तासांनी आले तर सायकल नाही आणि रेलिंगचा एक तुकडाही नाही. तो तुकडा दोन बोल्टवर बसवलेला होता. पान्ह्याने बोल्ट सोडले, रेलिंगसकट सायकल उचलली. कुलपाला कुणी हातसुद्धा लावला नाही. ती सायकल वडिलांनी घेऊन दिलेली होती, म्हणून आजही ती जागा ओलांडताना आत तुटतं. तेव्हापासून मी आधी खांब धरून हलवते, बूड बघते, वरचं टोक बघते. वरून मोकळ्या असलेल्या पाटीच्या खांबाला सायकल लावली तर ती कुलपासकट वर उचलून काढता येते.

घराचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगणारच, कारण तुमची सायकल सर्वांत जास्त वेळ तिथेच असणार. शक्य असेल तर ती घरात घ्या, बाल्कनीत घ्या. पार्किंगमध्येच ठेवावी लागत असेल तर तिथल्यासाठी दुसरं कुलूप घ्या. जाड कड्यांची पोलादी चेन असेल तर उत्तम. ती अडीच-तीन किलोची असली तरी बिघडत नाही, कारण ती जागची हलणारच नाही. पार्किंगमध्ये नुसतं चाकाला कुलूप लावून सायकल भिंतीला टेकवून ठेवणारे खूप आहेत. ती सायकल दोन माणसांनी उचलली की गेली. खांब नसेल तर सोसायटीच्या परवानगीने भिंतीत एक मजबूत कडी बसवून घ्या.

खरेदीबद्दल थोडंसं. ब्रिटनमध्ये सोल्ड सिक्युअर नावाची संस्था कुलपं फोडून बघते आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड अशी श्रेणी देते. तुमच्या कुलपावर तो शिक्का असेल तर चांगलंच, पण त्या श्रेण्या तिथल्या, अवजारं घेऊन येणाऱ्या चोरांचा विचार करून दिलेल्या आहेत. आपल्याकडे मी पाहिलेल्या चोऱ्या बहुतेक संधी साधून झालेल्या आहेत, त्यामुळे डायमंडच हवं असं मी म्हणणार नाही. मात्र कुणी जुनं, गोल नळीसारखी किल्ली असलेलं कुलूप स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. २००४ मध्ये अमेरिकेत क्रिप्टोनाइटची त्या धाटणीची महागडी कुलपं साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतात हे उघड झालं आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. चपटी किल्ली बघून घ्या.

सिंहगडाचं उत्तर छोटं आहे. पहाटे निघून, वर पोचून, पाणी पिऊन परतणार असाल तर काहीच नेऊ नका. चाकाचं कुलूप आहे तेवढं पुरे. तुम्ही सायकलजवळच असणार. किल्ला फिरायचा असेल, कल्याण दरवाजा, तानाजींची समाधी बघायची असेल, तर सायकल दोन तास पार्किंगमध्ये राहील, आणि रविवारी तिथे गर्दी असते. त्या दिवशी जड कुलूप ऑफिसातून आधी आणून ठेवा आणि न्या, सव्वा मिनिट जास्त लागू द्या. फक्त ते पाठीवरच्या सॅकमध्ये टाकू नका. उतारावर घसरून पडलात तर पोलादाचा तुकडा थेट मणक्यावर येतो. फ्रेमला पट्ट्याने घट्ट बांधा किंवा कॅरियरवर. हँडलला लटकवलेलं कुलूप उतारावर डोलतं आणि पुढचं चाक अडवू शकतं, तेही नको.

आता कोकण. इथे माझा सल्ला बदलतो: यू-लॉक नेऊच नका. कारण वजन नाही, त्याचा आकार आहे. ताम्हिणी उतरून माणगाव, तिथून श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीने वेसवी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोलीचा किनारा, दाभोळहून फेरीने धोपावे, गुहागर, तवसाळहून फेरीने जयगड आणि पुढे मालगुंड, गणपतीपुळे, असाच तुमचा रस्ता असेल असं मी धरते. या वाटेवर मी अकरा वेळा सायकलने गेले आहे. पहिल्या दोन खेपांना यू-लॉक नेलं होतं आणि लावायला जागाच मिळेना. तिथे असतं काय? नारळाचं झाड, फणसाचं झाड, पडवीचे चिऱ्याचे खांब. यू-लॉकची आतली रुंदी दहा-अकरा सेंटीमीटर आणि माडाचा बुंधा त्याच्या दुपटीहून जास्त. कुलूप सायकलवर नुसतं फिरून आलं.

तिथे लांबी लागते. दीड-पावणेदोन मीटरची, ३००-४०० ग्रॅमची, नंबर जुळवून उघडणारी केबल न्या. माडाभोवती फिरते, खिडकीच्या गजातून जाते, चाक-फ्रेम-सॅडल एकदम गुंतवते. कापायला सोपी आहे हे मीच वर सांगितलं. पण तुम्ही त्या गावात एकच रात्र असणार. तुमचा रोजचा क्रम कुणाला माहीत नाही, कुणी कटर घेऊन तुमची वाट बघत बसलेलं नाही. केबलचं काम एवढंच की येताजाता कुणी सहज बसून पुढे जाऊ नये.

रात्रीसाठी माझं खरं कुलूप म्हणजे विचारणं. मुक्कामाच्या घरी खोली बघायच्या आधी मी विचारते, "काकू, सायकल पडवीत आत घेऊ का?" आजवर एकदाही नाही म्हटलेलं नाही. एकदा केळशीत तर उत्तर आलं, "पडवीत कशाला, ओटीवरच आण, रात्री दार लावते मी." फक्त चाकं आणि चेन पुसून आत न्या. शेणाने सारवलेल्या किंवा पुसलेल्या जमिनीवर लाल चिखलाचे पट्टे उमटले तर त्या माउलीचं काम वाढतं. मोठ्या हॉटेलात "सायकल बाहेरच ठेवा" म्हणतात, तिथे आरक्षण करतानाच फोनवर विचारून घ्यावं.

दिवसा एकट्याने फिरताना थांबे नीट निवडा. जेवायला अशा ठिकाणी बसा जिथून सायकल दिसते. शौचालयासाठी जायचं तर टपरीवरच्या काकांना किंवा एसटीची वाट बघत बसलेल्या मावशींना सांगून जा. एका माणसाला जबाबदारी दिली की तो खरोखर लक्ष ठेवतो. सायकल सोडून जायच्या आधी गिअर सर्वांत जड दातावर टाका आणि हेल्मेटचा पट्टा चाकातून घेऊन फ्रेमला अडकवा. कुणी झटकन पळवायला गेलंच तर पहिल्या दोन पावलांत अडखळतं. फेरीबोटीवर मात्र सायकल कुलपाने कशालाही बांधू नका. गाड्या आत घेताना, बाहेर काढताना तिथली माणसं सायकल सरकवायला सांगतात, आणि तेव्हा नंबर जुळवत बसायला वेळ नसतो. लवचीक दोरी पुरते, आणि तुम्ही सायकलजवळच उभे राहा.

किनाऱ्यावरून परत आल्यावर कुलूप गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. खाऱ्या हवेने आतल्या पिना अडकतात. आणि कृपा करून त्यात खोबरेल तेल घालू नका. दर डिसेंबरात माझ्याकडे अशी तीन-चार कुलपं येतात. खोबरेल २४-२५ अंशांखाली थिजायला लागतं, पुण्याच्या थंडीत सकाळी त्याचं मेण होतं, त्यात धूळ बसते आणि किल्ली आत जात नाही. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब किंवा शिसपेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड, एवढंच घाला. आधी तेल घातलेलं असेल तर वर पूड नको, त्याचा गाळ होतो.

काही कामं मात्र आज संध्याकाळीच करा. सायकल उलटी करा. पेडलचा आस जिथून जातो त्या नळीच्या बुडाशी बहुतेक सायकलींवर नंबर कोरलेला असतो. त्याचा फोटो, सायकलशेजारी उभे राहून स्वतःचा फोटो आणि बिलाचा फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा. सायकल गेलीच तर पोलीस ठाण्यात चोरीची तक्रार द्या. जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली येते. ऑनलाइन 'हरवल्याची नोंद' करून थांबू नका, ती एफआयआर नव्हे. नंबर नसला की सापडलेली सायकलही तुमची आहे हे सिद्ध करता येत नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाने पोलीस ठाण्याच्या आवारात आपली सायकल ओळखली होती, पण नंबर लिहून ठेवलेला नव्हता, आणि तिला ती सोडवायला चार महिने लागले.

यू-लॉकच्या दोन किल्ल्यांपैकी एक आजच घराच्या कपाटात ठेवा, आणि किल्लीवर कोरलेला आकडा वहीत लिहून ठेवा, त्यावरून काही कंपन्या नवी किल्ली करून देतात. दुसरी किल्ली घराच्या जुडग्यात नको, कारण जुडगा एखाद्या दिवशी दुसऱ्या बॅगेत राहतो आणि तुमची सायकल बाणेरला अडकते. ऑफिसचं ओळखपत्र ज्या फितीला असतं, त्या फितीलाच ती लावा. कार्डाशिवाय तुम्ही आत जाणार नाही, त्यामुळे कार्ड आणि किल्ली दोन्ही सोबत राहतील.